काकांचे लाल स्विच

भर दुपारी बारा वाजता अंगणात एक मोटरसायकल उभी आहे. तिच्या तोंडावर गोधडी टाकलेली आहे आणि त्या गोधडीत एक माणूस कमरेपर्यंत शिरलेला आहे. बाहेर दिसते ती फक्त पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट आणि रबरी चपला. आतून आवाज येतो, "दाब!" गाडी ज्याची आहे तो बिचारा हँडलवरचा स्विच दाबतो. आतून पुन्हा आवाज, "आरं, आंधला झालो!" हा आवाज तक्रारीचा नसतो. समाधानाचा असतो.

आमच्या घरमालकांची माझी पहिली ओळख ही अशी, पाठीमागून झाली. आम्ही सामानाचा टेम्पो घेऊन दारात उभे होतो आणि आई त्या गोधडीला "नमस्कार" म्हणत होती. गोधडीनं उत्तर दिलं, "थांबा जरा, फोकस बगतोय."

हेडलाइटचा उजेड तपासायला अंधार लागतो. पण अंधार पडेपर्यंत थांबायला काका तयार नसत, म्हणून ते स्वतःपुरता अंधार घेऊन बसत. उन्हाळ्यात गोधडीतून बाहेर आले की त्यांचा चेहरा वाफवलेल्या बटाट्यासारखा दिसे. काकू ओट्यावरून ओरडत, "आज परत गोधडीला वंगन लागला तं तूच धुवाची. आन रातच्याला तीच पांघराची." काका धूत नसत. रात्री तीच पांघरत असावेत.

बाबांची नोकरी वापीला होती आणि मला दापोड्याच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी करायचं काम मिळालं होतं. म्हणून आई आणि मी या गावात भाड्यानं राहायला आलो. इमारत तीन मजल्यांची, सहा भाडेकरू. शेजारचं पत्र्याचं लांबलचक गोदाम काकांच्याच जमिनीवर उभं होतं. एका मोठ्या कंपनीनं ते भाड्यानं घेतलं होतं, आणि त्या भाड्यावर काका वर्षानुवर्षं आरामात बसून होते. कंपनीबद्दलचं त्यांचं मत मात्र पक्कं होतं. "कंपनी चोर हाय," ते म्हणत. कोणती कंपनी, असं विचारायची सोय नव्हती. सगळ्याच.

"कंपनी गारी इकते, उजेड न्हाय इकत," हे त्यांचं दुसरं वाक्य. गाडीला ते गारी म्हणत, आणि हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणत. त्यांचं म्हणणं असं की हेडलाइटची वीज कंपनी मुद्दाम लांबून फिरवून आणते, बारीक वायरीतून, आणि दिव्यापर्यंत पोचेस्तोवर ती दमते. म्हणून मधे रिले नावाची काडेपेटीएवढी काळी डबी बसवायची, बॅटरीवरून सरळ जाड वायर आणायची, आणि जादा दोन दिवे लावायचे. दुसरीकडे, नव्या गाड्यांचा दिवा दिवसाही आपोआप पेटलेला असतो, याचा त्यांना भयंकर राग. "सूर्य वरती हाय, आन खाली दिवा लावून फिरताय! लाज न्हाय वाटत?" म्हणजे दिवसा दिवा बंद करायला एक स्विच आणि संध्याकाळी दुप्पट पेटवायला दुसरा. हे गेली चार वर्षं चाललं होतं. काकांच्या हातून गेलेल्या गाडीच्या हँडलवर दोन लाल स्विच असत, आणि गावात लोक त्यावरून ओळखत, हा कुणाचा भाडेकरू.

वायरीही सगळ्या लालच. हळदीच्या मांडवातल्या लायटिंगचं उरलेलं लाल वायरचं भलंमोठं वेटोळं त्यांनी कुठूनतरी मिळवलं होतं. बॅटरीची वायर लाल, दिव्याची लाल, स्विचची लाल. मी एकदा धीर करून विचारलं होतं, "काका, कोणती कुठली ते कसं कळतं?"

"मना कलतं ना," ते म्हणाले. "दुसऱ्याला कलून काय करायचा हाय?"

माझ्याशी त्यांचं बोलणं सुरू झालं ते माझ्या इंग्रजीमुळे. मी इंग्रजी शाळेतली आहे हे आईनं पहिल्याच आठवड्यात अभिमानानं सांगून टाकलं होतं. मी जिन्यातून खाली मान घालून जाणारी मुलगी. तीन महिन्यांत माझ्या तोंडून त्या अंगणात "हो" आणि "येते" याखेरीज फारसं काही बाहेर पडलं नव्हतं. काकांना त्याची अडचण नव्हती, कारण बोलायचं काम ते एकटे करत. त्यांना वाचणारं कुणीतरी हवं होतं. "ए इंग्लिशवाली, ये गो बाय जरा," असं म्हणून ते मला रिलेच्या खोक्यावरचं वाचायला लावत. मी वाचून अर्थ सांगे आणि ते त्याच्या बरोबर उलट करत. पंधरा अॅम्पियरचा फ्यूज लावा असं लिहिलेलं असलं तर ते तीसचा लावत. "पंध्रा त्यांच्यासाठी, जे घाबरतात."

मी नवी स्कूटर घेतली तेव्हा ते तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून गेले. मग माहितीपुस्तक मागून घेतलं आणि मला वाचायला बसवलं. एका पानावर चौकटीत लिहिलं होतं की वायरिंगला हात लावल्यास वॉरंटी रद्द होईल. मी ते जरा जोरात वाचलं. मराठीत सांगितलं तेव्हा आणखी जोरात.

काका विचारात पडले. "म्हंजे हात लावता येतो," ते म्हणाले. "न्हायतर लिवला कशाला असता?"

इथे मी "नको" म्हणायला हवं होतं. शब्द दोन अक्षरांचा आहे. मी हसले आणि "बघू" म्हटलं.

आता हसायला येतं, पण तेव्हा सहा भाडेकरूंपैकी कुणीच "नको" हा शब्द उच्चारलेला नव्हता. खालच्या मजल्यावरचा कुरिअर पोचवणारा एक दणकट माणूस होता. तो दिवसभर लोकांच्या दारात भांडून सह्या घेई, पण काका पेचकस घेऊन आले की गाडी पुढे करून बाजूला उभा राही. आपण काकांना चक्रम म्हणतो, पण चक्रम माणसाच्या नावावर आपलं घर असलं की त्याचा छंद हा आपला अकरा महिन्यांचा करार असतो. घर हवं तर स्विच घ्या, असं काकांनी कधीही म्हटलं नाही. म्हणावंच लागलं नाही.

मी दोन महिने टाळलं. स्कूटर बाहेर लावली, रविवारी लवकर उठून निघून गेले. एका रविवारी मला ताप आला. दुपारी खिडकीतून पाहिलं तर खाली माझ्या स्कूटरवर गोधडी. किल्ली आईनं दिली होती.

"घर त्यांचं आहे गं," आई म्हणाली. "दिवाच तर बघतायत. तो काय खातायत?"

संध्याकाळपर्यंत माझ्या स्कूटरला दोन लाल स्विच आणि कपाळाखाली दोन जादा डोळे आले होते. "आता बग," काका म्हणाले. "कंपनीच्या लायटीत मानूस दिसतो, खड्डा न्हाय दिसत. मानूस बाजूला व्हतो. खड्डा व्हतो का?"

शनिवारी बाबा वसईला रेल्वेगाडी बदलून खारबावला उतरत आणि मी त्यांना आणायला जाई. त्या रस्त्याला दिवे नाहीत. दोन्ही बाजूंना शेतं, कडेला चिखल. त्या शनिवारी तिन्हीसांजेला मी पहिल्यांदा दुसरा स्विच दाबला. खोटं कशाला लिहू, रस्ता असा दिसला की मी थक्क झाले. खड्डे, खड्ड्यातलं पाणी, लांबवर आडवं झोपलेलं कुत्रं, सगळं पांढरंशुभ्र. मी वेग वाढवला. आणि मग त्या उजेडात समोरून येणारी एक बाई दिसली. पाड्यावरची असावी. डोक्यावर लाकडांची मोळी. तिनं एक हात मोळीला ठेवला, दुसरा डोळ्यांवर आडवा धरला, आणि तशीच न बघता रस्त्याखाली पाय टाकला. गुडघ्यापर्यंत चिखलात गेली. मोळी पडू दिली नाही. मी शेजारून निघून गेले. आरशात पाहिलं तर मागे नुसता काळोख.

त्या दिवसापासून मी तो स्विच दाबणं बंद केलं. काढून टाकला नाही, फक्त दाबला नाही. पुढे वायरिंग काढलं तेही त्या बाईसाठी नव्हे, हे इथे लिहून ठेवते.

मंगळवारी सकाळी स्कूटर सुरूच होईना. स्टार्टरचं बटण दाबलं की आत कुठेतरी टिक, आणि पुढे काही नाही. तिला किक नव्हती. गोदामात माझे अजून प्रोबेशनचे महिने चालू होते. तीन लेट मार्क झाले की घरी, हे साहेबांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं आणि एक होऊन गेला होता. मी स्कूटर ढकलत नाक्यावरच्या मेकॅनिककडे नेली. हा उत्तर प्रदेशातला, सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्यानं पुढचं झाकण उघडलं, आत डोकावला आणि हसला.

"सेठ ने किया है ना? सारे तार लाल हैं, मतलब सेठ है." मग वायरीचं टोक दाखवून म्हणाला, "चाबी से लेना था, सीधा बैटरी से ले लिया. गाड़ी बंद, फिर भी बैटरी पी रहा है."

"निकाल दो," मी म्हटलं.

"निकाल दूँगा. स्विच भी निकालूँ, या दिखाने के लिए छोड़ दूँ?"

मला कळेना. त्यानं समजावून सांगितलं, जसं एखादा दुकानदार रोजचा प्रश्न विचारतो तसं. काकांचे सगळे भाडेकरू त्याच्याकडे येत. तो सगळी वायरिंग पुन्हा कंपनीसारखी करून देई आणि लाल स्विच हँडलवर तसेच ठेवी, मागे काहीही न जोडता. कुरिअरवाल्याची गाडी, वरच्या मास्तरांची, सगळ्यांची. जादा दिवेही नुसते चिकटलेले. "सब छुड़वाते हैं, मैडम. इज़्ज़त का सवाल है. सेठ की."

मीही स्विच तसेच ठेवले. त्या दिवशी दुसरा लेट मार्क लागला.

मग माझ्या लक्षात आलं, संध्याकाळी फाटकातून आत येताना प्रत्येक जण काकांच्या देखत अंगठ्यानं तो मेलेला स्विच दाबतो. कंपनीचा दिवा आधीच पेटलेला असल्यानं ओट्यावरून फरक कळत नसे. काका ओट्यावरून विचारत, "कशी वाटते?" आणि कुरिअरवाला म्हणे, "एकदम दिवस, शेठ!" मी हे नाटक गॅलरीतून पाहत होते आणि मनातून सगळ्यांना हसत होते. आठवड्याभरात मीही दाबायला लागले.

महिन्याच्या पहिल्या रविवारी काका आपल्या कामाची "सर्व्हिस" करत. बहुतेकांना ती तारीख पाठ होती आणि त्या दिवशी अंगणात एकही गाडी नसे. मी यात नवखी. मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा काकांनी माझ्या स्कूटरचं झाकण उघडलं. मान तिरकी करून आत पाहिलं. मग स्विचमागून निघालेली लाल वायर त्यांनी दोन बोटांत धरून ओढली. हातभर वायर सुळकन बाहेर आली. दुसऱ्या टोकाला काळी टेप, आणि टेपपुढे काही नाही. त्यांनी ती नीट गुंडाळून परत आत ठेवली, झाकण लावलं आणि घरात गेले. त्या दिवशी त्यांनी कंपनीलाही शिव्या दिल्या नाहीत. आई म्हणाली, "आता काय होणार गं?" आमचा करार त्याच महिन्यात संपत होता.

दहा दिवसांनी काका भाडेकरार करून देणाऱ्या एजंटला घेऊन वर आले. एजंट तरुण, लॅपटॉप आणि अंगठा घ्यायचं यंत्र घेऊन फिरणारा. त्यानं नव्या कराराचा छापील मसुदा पुढे ठेवला. मसुदा इंग्रजीत. काका खुर्चीत बसले, हाताची घडी घातली आणि म्हणाले, "इंग्लिशवालीला वाचू दे."

मी वाचत गेले. भाडं, पाणी, जिन्यात सामान ठेवू नये, सगळं गेल्या वर्षीचंच. सतराव्या कलमाशी मी थांबले. त्यात कायद्याच्या जाड भाषेत लिहिलं होतं की भाडेकरूच्या वाहनात घरमालकानं केलेली विजेची सुधारणा भाडेकरूनं काढू नये, तोडू नये वा अन्य कारागिराकडून निकामी करवून घेऊ नये. तसं केल्यास करार रद्द समजावा.

एजंटनं नजर लॅपटॉपमध्ये घातली. "काकांनी सांगितलं, तसं मी टाकलं," तो पुटपुटला.

"वाच ना," काका म्हणाले. "मराठीत सांग आईला."

मी सांगितलं. आई लगेच म्हणाली, "चालेल की. त्यात काय. कुठे अंगठा द्यायचा?" तिनं पदराला अंगठा पुसलासुद्धा.

"नको," मी म्हटलं.

आवाज इतका बारीक आला की एजंटनं "काय?" असं विचारलं. मग मला तो शब्द दुसऱ्यांदा म्हणावा लागला, आणि दुसऱ्यांदा तो बराच सोपा गेला.

"मला ते दिवे नको होते, काका. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी काढून टाकले." आणि मग त्या बाईचं सांगितलं. खारबावचा रस्ता, मोळी, डोळ्यांवर हात, चिखल.

काकांनी लक्षपूर्वक ऐकलं. "परली?"

"पडली नाही. चिखलात उतरली."

"मंग? फोकस खाली करता आला असता. एक इस्क्रू हाय. दोन मिन्टाचा काम."

मला वाटलं होतं त्यांना काहीतरी वाटेल. त्यांना स्क्रू वाटला. तेव्हा मी चिडून उरलेलंही सांगितलं, की गाडी बंद असतानासुद्धा त्यांचं कनेक्शन बॅटरी पीत होतं, रिलेचं सुरू-बंद चावीवरून घ्यायला हवं होतं ते सरळ बॅटरीवरून घेतलं, मंगळवारी स्कूटर अंगणात मेली आणि माझी नोकरी जाता जाता राहिली.

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या बाईला चिखलात उतरवून जे झालं नव्हतं ते बॅटरीनं केलं. "चावीवर न्हाय घेतला?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. हवेत बोटानं वायर काढली, पुसली, पुन्हा काढली. "आईशप्पत."

थोड्या वेळानं ते एजंटला म्हणाले, "काढ रं सतरावा."

कलम निघालं. मग त्यांचा अंगठा यंत्राला ओळखू येईना. वर्षानुवर्षं सोल्डरचे डाग देऊन आणि गरम वायरी सोलून त्यांच्या बोटांवर रेघच उरली नव्हती. उजवा झाला, डावा झाला, तर्जनी झाली. यंत्र प्रत्येक वेळी लाल होई. "कंपनीचा हाय ना," काका खिन्नपणे म्हणाले. शेवटी करंगळी चालली.

दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, पहिला रविवार नसताना ते पेचकस घेऊन अंगणात आले. "सगल्यांचा चावीवर घेतो," त्यांनी जाहीर केलं. "माजी चूक झालेली." चार वर्षांत ते चूक हा शब्द पहिल्यांदा बोलले असतील. कुणाला पळायला वेळ मिळाला नाही. सगळ्या गाड्या ओळीनं उभ्या, सगळे मालक हातात ओली फडकी घेऊन. मी गॅलरीत होते. खाली जाऊन थांबवावं असं वाटलं, गेले नाही.

काकांनी कुरिअरवाल्याचा स्विच दाबला. काही नाही. मास्तरांचा दाबला. काही नाही. तिसरा, चौथा.

"काल व्होल्टेज वाढलं होतं ना, शेठ," कुरिअरवाला म्हणाला. "त्यात उडाले असतील."

"गारीला व्होल्टेज कुठून आला रं? बोर्डाचा मीटर लावलास काय तिला?"

पाचव्या गाडीचा स्विच त्यांनी दाबलाच नाही. मान वर करून गॅलरीत पाहिलं. "तुना ठाव होता?"

खालून पाच जण माझ्याकडे बघत होते. "हो," मी म्हटलं.

"सगल्यांचा?"

"हो."

"मंग काल एकटीचाच कशाला सांगितलास?"

"करार माझाच होता."

काकांनी मान खाली घेतली. मग कुरिअरवाल्यापुढे हात केला. "चावी दे. आता बराबर करून देतो. चावीवर घेतो, फोकस खाली करतो. कंपनी पाया परल असा करतो."

कुरिअरवाल्यानं एकदा वर माझ्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या फडक्याकडे. "शेठ," तो म्हणाला, "नको."

"माझीही राहू द्या," मास्तर म्हणाले. मग बाकीच्यांनी घाईघाईनं म्हणून घेतलं, संधी निघून जाईल की काय अशा सुरात. नको शेठ. आमचं पण नको. नको हां शेठ.

काकांनी पेचकस खिशात घातला. "आरं, मंग चार वर्सं मी करत काय होतो?"

कुरिअरवाला फडक्यानं आरसा पुसू लागला. नको म्हणायलाच सगळ्यांना चार वर्षं लागली होती. याचं उत्तर त्याच सकाळी द्यायची कुणाचीच तयारी नव्हती.